मागे सरकायला जागा

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (मामी वाचून दाखवत असेलच, तर तिलाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मी ठणठणीत. नोकरी अजून टिकून आहे, हे ऐकून तुम्ही खुर्चीत सरळ बसला असाल, पण खरं आहे. वेल्डिंग सोडलं, शिवणकाम सोडलं, हे काही सुटत नाही.

निघताना शब्द दिला होता, की तुम्ही स्वतःच्या हातांनी बांधलेल्या घराचा अख्खा फोटो काढून देईन. आजवर गल्लीतून ज्याने काढला त्याच्या फोटोत दार आलं की गच्ची गेली, आणि कॅमेरा वर केला की घर मागे कलंडलं. तर मामा, उपाय सापडलाय. मध्येच उठून जाऊ नका.

मी ज्यांच्या हाताखाली आहे, त्या आमच्या बाई इमारतींचे फोटो काढतात. कॅमेरा ट्रंकेएवढा, पुढे लेन्स, मागे काच, मध्ये भाता. काळं फडकं डोक्यावर घेऊन काचेत बघायचं. पहिल्यांदा बघितलं तर काय, समोरचं जुनं कोर्ट उलटं टांगलेलं, खांब लोंबतायत, खाली आभाळच आभाळ, आणि कठड्यावरून एक कबुतर पाय वर करून निवांत चाललंय. इतकं खरं, की हात लावावासा वाटला. लावला. बाई ओरडल्या.

परवा रुंद लेन्स घ्यायची होती, दुकानदाराने दोन त्याच कोर्टासमोर पारखायला दिल्या. बाईंनी विचारलं, कुठली? मी म्हटलं, सगळ्यात रुंद, अरुंद रस्त्यात तीच सगळं गिळेल. गिळलंही. पण कॅमेरा ताठ ठेवून बाईंनी नुसती लेन्स वर सरकवली (म्हणजे माथाही येतो आणि भिंतीही कलत नाहीत), तशी गच्चीची दोन्ही टोकं काळी! मला वाटलं, वर कोणी ताडपत्री टाकलीय. पळत गच्चीवर गेलो. पहारेकऱ्याने कॉलर धरली. खाली बाई फडक्यात हसून बेजार, कारण काचेवर मी आणि पहारेकरी उलटे टांगलेले, जणू दोन वटवाघळं झटापट करत होती. मग समजावलं, की लेन्स चित्र पाडते ते गोल, बॅटरीच्या उजेडासारखं. गोल लहान असला, की लेन्स सरकवल्यावर कोपरे अंधारात.

मग कमी रुंद, पण मोठ्या गोलाची लावली. कोपरे लख्ख, पण मागे सरकायला हवं, आणि मागे न्हाव्याचं दुकान. त्या भल्या माणसाने खुर्ची बाजूला ओढली, अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकासकट. अख्खं कोर्ट काचेत मावलं, मामा! पायरीपासून कळसापर्यंत, ओळंबा लावल्यासारखं. गिऱ्हाईक साबणासकट फडक्यात शिरलं ते बाहेरच येईना. आलं तेव्हा हळूच म्हणालं, "इतकी वर्षं ह्या इमारतीसमोर दाढी करतोय, दिसली आज."

"दुसरा गाल इकडे करा आता," न्हावी म्हणाला. पण गिऱ्हाईक बसल्यावर तोही फडक्यात जाऊन आला, आणि वस्तरा हातात धरून नुसताच उभा राहिला.

तर पुढच्या महिन्यात बाई आणि मी ती लेन्स घेऊन येतोय.

तुमचा,
कुठेच न टिकणारा भाचा

ता. क. मागे सरकायला जागा लागेल. तुमच्या दारासमोर म्हणजे धाकट्या मामांची बाहेरची खोली. पन्हाळीच्या पाण्यावरून तुम्हा भावांचं बोलणं बंद आहे हे मला ठाऊक आहे, पण कॅमेऱ्याला कसं समजावू? तेवढं जाऊन विचारा. तुम्हीच. माझ्या विचारण्याने ते काही खाट हलवणार नाहीत.

दुसरा ता. क. मामी, हे मनातल्या मनात वाच. दुकानात तिसरीही लेन्स होती, रुंदही आणि गोलही मोठा. बाईंनी तीही घेतली. ती गल्लीतूनच अख्खं घर घेईल, कोणाच्या दारात जायला नको. पण तू आणि धाकटी मामी खिडकीतून खुणांनी बोलता ते मी लहानपणापासून बघतोय. म्हणून येताना ती लेन्स मी विसरणार आहे. मामांनी विचारलं, एवढा वेळ काय वाचतेस, तर सांग, अक्षर लागत नाही.