खडपेश्वराच्या कौलाची खरी हकिगत

के. आर. पुरम, बेंगळुरू
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थरूप उल्कावन्सं यांच्या पायांवर (लांबूनच, कारण सध्या तुम्ही जवळ फिरकू देत नाही) हेमलताचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? मिरजेला थंडी सुरू झाली असेल, तेव्हा सकाळी फरशीवर अनवाणी फिरू नका, असं मी सांगणार आणि तुम्ही मुद्दाम फिरणार, हे दोघींना ठाऊक आहे. इकडे सगळे ठीक. तुम्ही मार्चपासून फोन उचलत नाही, घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही बाहेर पडलात, म्हणून पोस्टाचा आधार घेतला. आलेला कागद न वाचता परत पाठवणं तुम्हाला जमणार नाही, अशी माझी खात्री आहे. छत्तीस वर्षं मी तुमची भावजय आहे. शेजाऱ्यांचं चुकून आलेलं लाइटचं बिलसुद्धा तुम्ही आधी वाचता आणि मग देता. (राग मानू नका. मोठा राग आहेच, त्यातच हाही मिसळून टाका.)

मुद्द्याचं आधीच सांगते, म्हणजे पत्र फाडायचं झालं तरी एवढं वाचून फाडाल. आम्ही खडपेश्वराला जाऊन आलो. मार्चमध्ये आमच्या मल्हारचा साखरपुडा कुलदैवताचा कौल न घेताच उरकला, तुम्ही भर ग्रुपवर 'देवाला विचारलंत का?' असं विचारलंत, आणि तुमच्या बंधुराजांनी 'लग्न मल्हारचं आहे, देवाचं नाही' असं उत्तर ठोकलं. त्यावर 'कौल घेतल्याशिवाय मी या लग्नाला पाऊल टाकणार नाही' असं लिहून तुम्ही ज्या बाहेर पडलात त्या आजतागायत. तर आता कौल घेतला आहे. लग्न चौदा डिसेंबरला आहे. तुमची अट पुरी झाली, तेव्हा पाऊल टाकायला हरकत नसावी. बाकीचं पत्र करमणूक म्हणून वाचा.

जायचं ठरल्यापासून यांच्या अंगात कारखाना संचारला. विमानाच्या कारखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी आपण सही केल्याशिवाय काही उडत नाही असं यांना अजून वाटतं. देऊळ समुद्रातल्या खडकावर, ओहोटीला खडपांवरून चालत जायचं आणि भरती आली की देव पलीकडे नि आपण अलीकडे, हे तुम्हाला मी काय सांगणार! पण यांनी ते आम्हाला चार दिवस सांगितलं. भरती-ओहोटीचा तक्ता काढला, लॅमिनेट करून चौघांना चार प्रती दिल्या, वर गळ्यात अडकवायला दोरी. शेवटचा रकाना 'शेरा'. माझ्या प्रतीवर शेरा होता, 'साडी नेसू नये'. मी अर्थातच साडी नेसले. (ते पुढे नडलं, पण यांच्यासमोर मी ते कबूल केलेलं नाही, तुम्हीही करू नका.)

चौथी प्रत चैत्राची, म्हणजे होणाऱ्या सूनबाईंची. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं, ती आपणहून आली. तिची माणसं देवनहळ्ळीची. वडिलांची द्राक्षाची बाग आहे. आजूबाजूला सगळीकडे प्लॉट पडले तरी त्यांनी विकली नाही, त्यामुळे स्वभावाने ती तुमच्या वळणावर जाईल असा माझा अंदाज आहे. मराठी ती अर्धी माझ्याकडून शिकते आणि अर्धी मल्हारकडून, म्हणून 'अहो आई, प्लीज चिल करा ना' अशी वाक्यं ऐकायला मिळतात. तिच्या आईने देवासाठी डबाभर कोडबळी दिली होती. (आपल्या कडबोळ्याची तिखट चुलतबहीण.) मी इथल्या शिवाजीनगरच्या बाजारातून शेवंती आणि पाच नारळ घेतले. बेंगळुरूहून कोकणात नारळ घेऊन जाणारी मीच पहिली असेन. रघुजी गुरवांनी एकेक कानाशी धरून असा वाजवून पाहिला, की ज्या अण्णाने निवडून दिले होते त्याची मला लाज वाटली.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही किनाऱ्यावर हजर. पाणी लांब गेलेलं, खडपं काळीशार उघडी पडलेली, देवळावरचा भगवा फडफडतोय. हे सगळ्यांत पुढे, आणि 'खड्ड्याच्या डाव्या अंगाने या, शेवाळावर पाय देऊ नका' अशा सूचना मागे फेकताहेत. पाचव्या सूचनेला स्वतःच बसले. (बसले हा शब्द मी आदराने वापरला.) चैत्राने 'अंकल, स्वल्प हळू' म्हणत हात दिला, तो यांनी आधी नाकारला आणि मग दोन्ही हातांनी धरला. मी मात्र ओला काठ सावरत सरळ चालत गेले. शेवटच्या खडपावर एका लाटेने माझा निकाल लावला, पण तोवर हे पोचून पाठमोरे झाले होते.

आत देवाला आंघोळ घालून रघुजींनी पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार, असं मी चैत्राला समजावलं. 'म्हणजे आमच्या कॉम्प्युटरसारखंच, एक नाहीतर शून्य', असं म्हणून ती मोकळी झाली. इतक्या वर्षांत यांना जे पटलं नाही ते तिला अर्ध्या मिनिटात पटलं. मग गाऱ्हाणं. रघुजींचा आवाज म्हणजे समुद्राला गप्प बसवणारा. 'बा देवा म्हाराजा' म्हणून त्यांनी जी सुरुवात केली, त्यावर आपण सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. चैत्रा पहिल्या खेपेला कानडी होकार देऊन 'सरी म्हाराजा' म्हणाली, पण दुसऱ्या खेपेपासून तिचा 'होय' आमच्या तिघांपेक्षा मोठा होता. रघुजी तिच्याकडे बघून खूश. आणि वन्सं, उजवी पाकळी पडली. टपकन. होकार.

आता निघायचं, तर खाली पायऱ्यांशी पाणी! यांचा तक्ता म्हणे कुठल्या तरी दुसऱ्याच बंदराचा निघाला. लॅमिनेट इतकं छान झालं होतं की वरचं नाव कुणी वाचलंच नाही. बघता बघता खडपं दिसेनाशी झाली आणि आम्ही चौघं, रघुजी आणि देव असे सहाजण त्या खडकावर अडकलो ते थेट दुपारी चारपर्यंत. सात तास! यांची काढून ठेवलेली एक चप्पल समोरून डोलत डोलत निघून गेली. ती जाताना हे घड्याळात वेळ बघत होते, कशाला ते विचारू नका.

पण खरं सांगू? इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. मल्हारची अकरा वाजता ऑफिसची मीटिंग. त्याने गाभाऱ्याच्या भिंतीला टेकून फोन लावला, मागे लाटा फुटताहेत, तुषार उडताहेत. त्याचा साहेब म्हणाला, मागचं ते खोटं समुद्राचं चित्र काढ, लक्ष विचलित होतंय. मल्हार म्हणाला, सर, काढता येत नाही. तेवढ्यात एक दणदणीत लाट आली आणि मल्हारसकट मीटिंग भिजली. पलीकडून अकराजणांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. रघुजींनी चुलीवर पेज केली, लोणच्याची फोड दिली. देवाच्या कोडबळ्यांचा डबा चैत्राने देवाला दाखवला आणि मग आम्हाला. रघुजींनी पहिलं कोडबळं खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि आणखी चार मागून घेतली. मग चैत्रा त्यांच्याकडून गाऱ्हाणं शिकली. आता ती गाडीत सिग्नल सुटला नाही तरी 'बा देवा म्हाराजा' सुरू करते आणि मल्हारला 'होय म्हाराजा' म्हणावं लागतं. (संसाराची सवय होते आहे, मी मध्ये पडत नाही.) मी पायऱ्यांवर पाय सोडून बसले होते, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि हसून हसून पोट दुखत होतं. अशा वेळी तुमची फार आठवण आली. माझी फजिती झाली की तोंडावर पदर धरून तुम्ही जशा हसता, तसं हसायला तिथे कुणी नव्हतं.

तर असा प्रवास. पत्रिका सोबत जोडली आहे. मिरजेहून बेंगळुरूला थेट गाडी आहे, खालचा बर्थ मल्हार काढून देईल. गुडघ्याला तेल लावत जा. तुळशीचं लग्न यंदा एकटीनेच लावलंत ना? तिलाही माझा नमस्कार सांगा.

तुमची (अजून मानत असलात तर) भावजय,
हेमलता

ता. क. हे पत्र मी यांना न सांगता लिहिलं आहे. पत्रिकेच्या पाकिटावरचं 'ती. ताईस' हे अक्षर मात्र यांचं. पत्रिका छापून आल्या त्या दिवशी पहिली तुमचीच लिहिली आणि कपाटात ठेवून दिली. पाठवायची का, असं मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा यांना एकदम पंख्याला तेल घालायचं आठवलं.

आणखी ता. क. पाकीट चिकटवून झालं होतं, ते इडलीच्या वाफेवर धरून पुन्हा उघडलं. तुम्हाला खोटं लिहिल्यापासून मला घास जात नव्हता. तर ऐका. यांचा तक्ता चुकला नव्हता. आठ पन्नासला पाणी येणार असं त्यात होतं, आणि आठ पन्नासलाच आलं. आम्ही अडकलो, कारण हे देवासमोरून उठले नाहीत.

काय विचारायचं म्हणून रघुजींनी आधी विचारलं, तेव्हा हे त्यांच्या कानाशी लागले. मला वाटलं, दक्षिणेचं बोलताहेत. मग रघुजींनी खड्या आवाजात सुरू केलं, 'बा देवा म्हाराजा, हो तुझो लेकरू बेंगळुरासून तुझ्या पायाकडे इलो हा. तेची थोरली भयण रुसान बसली हा. ती लग्नाक येतली आसात तर उजवी पाकळी सोड, नाय येवची आसात तर डावी.' मल्हारच्या लग्नाबद्दल यांनी विचारलंच नाही, वन्सं. आम्ही माना खाली घालून 'होय म्हाराजा' म्हटलं. एकटी चैत्रा तेवढ्याच जोरात म्हणाली, तिला काही कळलं नव्हतं.

आणि डावी पडली.

हे म्हणाले, एका रीडिंगवरून निष्कर्ष काढत नाहीत, पुन्हा लावा. रघुजी म्हणाले, 'देव काय मशीन हा, परत परत बटान दाबूक?' तेव्हा यांनी तिथेच बसकण मारली आणि देवाशी भांडायला लागले. 'तुला माझी ताई माहीत नाही. आई गेली त्या वर्षी तिनं मला कडेवर घेऊन हीच खडपं ओलांडली. आठ वर्षांचा घोडा होतो मी, आणि ती पंधराची. ती येणार नाही हे तू कोण सांगणार?' पाणी चढत होतं, रघुजी बाहेरून हाका मारत होते, मल्हार दंडाला धरून ओढत होता. हे आपले देवाला तुमच्या गोष्टी सांगताहेत. आयुष्यभर ज्याला दगड म्हणाले त्याच्याशी अर्धा तास बोलत होते, आणि मी दाराशी उभी राहून रडत होते. शेवटी चैत्राने कोडबळ्यांचा डबा पुढे धरला तेव्हा उठले. त्यानंतरची मजा लिहिली आहे ती सगळी खरी, आणि सगळ्यांत जास्त हेच हसले. एकदा मनातलं बोलून टाकल्यावर माणूस हलका होतो तसे झाले होते.

म्हणजे तुमची अट पुरी झालेली नाही, हे मला कळतं. उलट तुम्ही येणार नाही असं साक्षात देवानेच सांगून ठेवलं आहे, आणि देवाचा शब्द तुम्ही जन्मात मोडलेला नाही. हा एक मोडा. पाप लागलंच तर ते माझ्या नावावर घाला, मी खडपेश्वराला पुन्हा एकदा साडी भिजवून नमस्कार करून येईन.

शेवटचं ता. क. बोलायचं नसलं तर बोलू नका. यांच्या फोनवर नुसती एक रिंग द्या आणि ठेवून द्या. मी यांना उचलू देणार नाही, तुमचा अबोला शाबूत राहील आणि आम्हाला समजायचं ते समजेल. मात्र रिंग दिलीत की दुसऱ्या दिवशी सकाळी जास्तीचं पिठलं टाका. हे तुम्हाला न्यायला मिरजेच्या स्टेशनवर उतरलेले असतील, आणि मी काही त्यांना अडवणार नाही.