बरोबरीचे डाव

सातारा, ता. ३ फेब्रुवारी १९४६

चि. आकारामास जोतीरामाचे अ. आ. वि. वि.

सांगलीच्या बुद्धिबळ सामन्यांचं बोलावणं मिळालं. निवडक खेळाडूंत माझं नाव घालणाऱ्यांनी माझा खेळ पाहिलेला नसावा. पण येण्यात अर्थ काय? नियम असा की हरला तो बाद. दिवसभर मोटारीत हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि एक प्यादं चुकलं की वळकटी उचलायची. आमच्या पाठशाळेतल्या वादसभेत हरलेल्या पंडितालाही चार दिवस ठेवून घेत, आणि हरल्याचं दुःख तुपात बुडवत. असे सामने धर्माला धरून नाहीत.

बाकी ठीक. शालू गेल्यापासून भांडी फार घासावी लागत नाहीत. संध्याकाळी पट मांडतो, दोन्हीकडून मीच खेळतो. हरतो मीच, पण बाद होत नाही, एवढी सोय आहे.

राहीस आशीर्वाद. ममता आहेच, ती वापरात ठेवावी.

तुझा,
जोतीराम

सांगली, ता. ९ फेब्रुवारी १९४६

ती. स्व. दाजींना आकारामाचा शि. सा. न. वि. वि.

दाजी, तुमी शास्त्र लय काढता. राही म्हणते, वन्सं गेल्यापासनं दाजींनी आमचा उंबरा शिवला न्हाई. कारणाबिगर जावई सासरवाडीला येत न्हाई, आता कारण आपल्या पायानं आलंय तर त्याला माघारी धाडू नका. बाद व्हाल, त्यात काय? एक दीस तरी तोंड दिसंल.

मलाबी बोलावणं हाय. कालच चिठ्ठ्या काढल्या. पहिल्याच फेरीत तुमची गाठ माझ्याशी. हसू नका. मंडळाकडं पट कमी पडले म्हणून मी घरचा दिलाय. आपण जेवायला उठावं म्हणून शालूताई ज्याचा वजीर उचलून चुलीपाशी नेऊन ठेवायची, तोच.

या. न आलात तर माया पातळ झाली असं समजू.

आपला,
आकाराम

सातारा, ता. ११ मार्च १९४६

चि. आकारामास अ. आ. वि. वि.

सुखरूप पोचलो. मोटारीपर्यंत मंडळाचे चिटणीस आले होते. म्हणाले, डाव बरोबरीत सुटला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळवायचा, हा नियम केल्याचा त्यांना एवढा पश्चात्ताप कधी झाला नव्हता. आपण दोघे रोज बरोबरी करतो आणि रोज हातात हात घालून घरी जेवायला जातो, यात काही ठरलेलं आहे काय, असं त्यांनी विचारलं. मी शपथेवर सांगितलं की आमच्यात याविषयी एक शब्दही झालेला नाही. ते खरंच होतं.

शेवटी त्यांनी दटावलं की आज निकाल लागलाच पाहिजे, आणि तू वजीर उघड्यावर आणून ठेवलास. लहानपणीसुद्धा तू इतका भोळा नव्हतास. हरलो असतो तर त्याच संध्याकाळी निघावं लागलं असतं. जिंकल्यामुळे आणखी एक रात्र मिळाली. दुसऱ्या दिवशी बेळगावच्या त्या गृहस्थांनी मला चहा निवण्याआधीच बाद केलं, ते न्याय्यच होतं.

येण्यात अर्थ काय, असं मी विचारलं होतं. पटापलीकडे माणूस बसलेला असतो, हा अर्थ. इथे परत आल्यावर पट मांडला नाही.

तुझा,
जोतीराम

सांगली, ता. १९ मार्च १९४६

ती. स्व. दाजींना शि. सा. न. वि. वि.

वजीर माझा चुकूनच गेला. डोळं दुखत व्हते.

मंडळानं पट परत दिला, पण त्यात काळा वजीर न्हाई. चिटणीसबी कानावर हात ठेवतात. राहीनं घरभर हुडकला. पहिल्यांदा ती चुलीपाशीच गेली, तिथं न्हाई म्हणाली. सध्या वजिराच्या जागी सुपारी मांडतोय.

सामने फुडल्या वर्षी होतील न होतील. दाजी, निमित्त नसलं तरी या.

आपला,
आकाराम

सातारा, ता. २४ मार्च १९४६

चि. आकारामास अ. आ. वि. वि.

निमित्त नसता येण्याची मला सवय नाही. या वयात लागेलसं वाटत नाही.

तुझा वजीर माझ्या कोटाच्या खिशात आहे. तो तिथे कसा आला ते विचारू नये. तुझ्या डोळ्यांबद्दल मीही विचारलेलं नाही. टपालाने पाठवला असता, पण वजिरासारख्या माणसाला एकट्याने प्रवास करायला लावणं बरं दिसत नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली की स्वतः घेऊन येतो.

राहीला सांग, शालूची रीत मोडायची नाही. आधी जेवण, मग वजीर.

तुझा,
दाजी