लिंडर जाणार म्हणतात

॥ ॐ नमः शिवाय ॥
बीड, दि. १२ एप्रिल १९९५

चि. सौ. गंगासागर हिस,
दादाचे अ. उ. आ.

इकडं समदे खुशाल. तुझ्या वहिनीचा गुडघा हाय तसाच हाय, जीभ मात्र ठणठणीत हाय. ऊन लई तापलंय. डार्करूममधलं पाणी दुपारी इतकं गरम होतं की निगेटिव्हचा थर सुटून येतो, म्हणून आजकाल पहाटेच रोल धुतो.

आता मुद्द्याचं. मागच्या सोमवारी तेलगावला गेलतो. बसवेशअण्णांची आई लिंगैक्य झाली. आपल्यात गेलेल्या माणसाला बसवून, फुलं घालून फोटो काढतात, तुला सांगायला नको. म्हातारीला बसवलं, घरचे दोन्हीकडं उभे राहिले, आन् लिंडरचं शटर अडकलं. आप्पांनी हैदराबादेहून हा कॅमेरा आणला तवापासून असं कधी झालं न्हाई. लग्नातल्या नवरानवरीला परत उभं करता येतं, त्या माउलीला परत कुठून आणू? लई खटपटीनं एकदाचं उघडलं. एकच फोटो आला, तो नीट आला, ही महादेवाची कृपा.

म्हणून नवा लिंडरच घ्यायचं ठरवलं. दाजी लिंडरच्या पुण्याच्या ऑफिसात दुरुस्तीला, तवा पहिला फोन त्यांनाच केला. तर म्हणाले, घेऊ नका. कंपनी मोठ्या रोलचे कॅमेरे बंद करणार असं कानावर हाय, पुढचा भरवसा न्हाई, तुमी आपला छोटा जपानी घ्या. गंगू, ज्या कंपनीचं मीठ खाल्लं तिच्याबद्दल माणूस असं बोलतो कावून?

दुसरं असं, की मार्चात दाजी बीडला आलते ते आपल्या घराच्या आधी उत्तरेश्वरच्या स्टुडिओत जाऊन बसले. माझ्या समोरचंच दुकान त्याचं. चहा झाला, कुजबुज झाली, बाहेर पडले तवा काखेत एक पुडकं होतं. कुणी कान भरले न्हाईत, म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. मला थांबवून बीडची एजन्सी उत्तरेश्वरच्या पदरात टाकायचा बेत तर न्हाई ना? खरं काय ते तू कळव.

जावयाचा मान राखूनच लिहिलंय, मनाला लावून घेऊ नको. दादावरची माया हाय तशी राहू दे.

तुझा
रुद्रप्पा


पुणे, दि. २३ एप्रिल १९९५

तीर्थरूप दादा व वहिनी यांस,
गंगासागरचा शरणार्थ. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग राग आला. लहानपणी दुधात पाणी घालतो का बघायला तुम्ही गवळ्याच्या मागं सायकलवर पाली गावापर्यंत गेलतात. गवळी बिचारा सरळ निघाला आणि तुम्ही आप्पांचा मार खाल्लात. तुमचा स्वभाव काही बदलला नाही. वहिनी कसं निभावतात त्यांनाच ठाऊक.

दादा, ह्यांनी सांगितलं ते खरं आहे. जर्मनीहून सुटे भाग येणं कधीचंच थांबलंय. मुंबईचे साहेब येतात आणि सांगतात की नवं मॉडेल येतंय, लिंडर कुठं जात नाही. पण गोदामातला माल संपवून हात झटकायचा विचार दिसतो, असं ह्यांचं म्हणणं. ऑफिसात सक्त ताकीद आहे, बाहेर कुणी बोललं तर त्याच दिवशी घरी. तरी ह्यांनी तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही घरचे.

म्हणून हात जोडते, हे कुणाजवळ बोलू नका. ह्यांची नोकरी गेली तर या वयात कोण दारात उभं करील? शिवानीचं कॉलेजचं पहिलंच वर्ष आहे. आमचं सगळं त्या एका नोकरीवर चाललंय.

उत्तरेश्वरचं मी विचारलं. हे नुसते हसले आणि म्हणाले, वेळ आली की दादांना कळेल. खरं सांगते, त्या हसण्यानं माझ्याही मनात पाल चुकचुकली. पण ह्यांनी कधी कुणाचं वाईट केलेलं मी पाहिलं नाही.

गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकायला सांगा वहिनींना. माहेरची आठवण रोज येते, तुम्हीही आमची काढत जा.

तुमची
गंगासागर


॥ ॐ नमः शिवाय ॥
बीड, दि. २५ मे १९९५

चि. सौ. गंगासागर हिस,
दादाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. निर्गुडी चालू हाय, गुण येतोय म्हणती.

तुझं पत्र दोनदा वाचलं आन् माझा संशय पक्का झाला. खरं असतं तर लपवायचं कावून? हा आतला डाव हाय. कुणीतरी जपानी कंपनीवाल्यानं ऑफिसातल्या माणसांना हाताशी धरलंय, आन् दाजी भोळे, ते त्यात सापडले. नवं धोरण आल्यापासून रोज एक बाहेरची कंपनी येते, येतानाच दुसरीच्या नावानं बोंब ठोकत येते. लिंडरनं आपलं घर चालवलं. आप्पांची, माझी, दोघांची रोटी त्या डबीतून निघाली. तिच्याबद्दल असं ऐकून गप बसलो तर मी निमकहराम.

म्हणून सरळ मुंबईच्या मोठ्या साहेबांना लिहिलं. तुमचा पुढचा विचार काय हाय ते जुन्या गिऱ्हाइकाला सांगा, आन् तुमच्या पुण्याच्या ऑफिसातूनच अशी आवई उठतीय तिचा बंदोबस्त करा. दाजींचं नाव घातलं. बिननावाची कागाळी करणं आपल्या घरात न्हाई. ते माझे सख्खे दाजी हायत, त्यांना कुणीतरी फसवलंय, सांभाळून घ्या, असंही लिहिलं.

आन् उत्तर आलं. छापील कागद, खाली सही. लिंडर हिंदुस्थानात पाय रोवून उभी हाय, तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाचा अभिमान वाटतो, चौकशी केली जाईल. बघ, एवढी मोठी कंपनी, बीडच्या फोटोग्राफरला जबाब देती. नवा कॅमेरा बुक केला. आता दाजींना कुणी फसवू शकणार न्हाई.

पंचमीला तुला न्यायला मीच येतो, शिवानीलाही घेऊन ये. तुमा समद्यांचं भलं व्हावं, एवढंच मनात हाय.

तुझा
रुद्रप्पा


पुणे, दि. २० जुलै १९९५

तीर्थरूप दादास,
गंगासागरचा शरणार्थ.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसायचे आणि उठायचे.

ह्यांची नोकरी जूनमध्येच गेली. मला आठवडाभर कळू दिलं नाही. डबा घेऊन निघायचे आणि सारसबागेत बसून यायचे. ऑफिसातल्या एका बाईंनी घरी येऊन सांगितलं तेव्हा कळलं. त्याच सांगून गेल्या की दिवाळीनंतर लिंडरचं पुण्याचं ऑफिसच बंद होतंय. तसं झालं असतं तर सगळ्यांबरोबर ह्यांनाही हिशेब मिळाला असता. आता काढून टाकलेला माणूस म्हणून काही नाही.

पुडक्याचंही सांगते, म्हणजे तुमचा जीव त्यात अडकायला नको. मागच्या दिवाळीत बीडला आलते तेव्हाच तुमच्या शटरचा आवाज ऐकून ह्यांना कळलं होतं की ते आता फार दिवस काढत नाही. उत्तरेश्वरकडं एक मोडका लिंडर पडून होता, त्याचं शटर शाबूत होतं. मार्चात ते मागायला गेलते. तुमच्यासाठी म्हटल्यावर त्यानं पैसे न घेता दिलं. समोरच्या दुकानातलं तुम्ही हातात धरलं नसतं, म्हणून बोलले नाहीत. शटर साफ करून ठेवलंय, ते बीडला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते.

इथल्या ऑफिसच्या साहेबांनी ह्यांच्यापुढं तुमचं पत्र ठेवलं आणि विचारलं, हे खरं का. साहेब तसा बरा माणूस. त्यानंच सुचवलं की नाही म्हणा, गावाकडच्या माणसाचा काहीतरी गैरसमज झाला असं लिहून द्या, मी फाइल मिटवतो. ह्यांनी लिहून दिलं नाही. मी विचारलं, का हो नाही दिलं? तर म्हणाले, दादा खोटं लिहितात असं माझ्या सहीनं कसं लिहू?

आणि मला बजावलंय की दादांना यातलं काही कळवू नको, त्यांचं मन कंपनीवरून उडेल. मला कंपनीचं काही नाही. माझं मन तुमच्यावरून उडालं, दादा.

पंचमीला न्यायला येऊ नका. वहिनींच्या तब्येतीचं दोन ओळी लिहीत जा, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही.

गंगासागर