राळेच्या मण्यांत अडुळसा

७ नोव्हेंबर १९४७. बेलापूर.
पहाटेपासून मार्थाचा खोकला. अडुळशाचा काढा पोटात टिकत नाही, घोटभर घेतला की उलटी. पाठीची हाडं दिसू लागली. दारूबंदीच्या सभेत मी ओरडलो की बाजार गप्प होतो. घरात मात्र बायकोच्या खोकल्यापुढे...

९ नोव्हें.
भास्करराव आले, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतले. उसाच्या रसाचा रंग काढायला परदेशातून कृत्रिम राळ मागवली होती. मोहरीएवढे तपकिरी मणी. कारखान्याने नाद सोडला, बरणी पडून. म्हणाले, "हे मणी हवं ते धरून ठेवतात, बाकी वाहून जातं. अडुळशावर करून पाहू." औषध तेवढं वेगळं झालं तर थेंबभर पुरेल. थेंब तरी टिकेल.

११ नोव्हें.
मणी काचेच्या नळीत भरून खिडकीत टांगले. पाला कुटला, रस गाळला. मी घाई केली. वरून जसा ओतला तसाच हिरवा खाली. भा. रा. हसले. "मास्तर, हे भाषण नव्हे. इतकं भडाभडा ओतलंत तर त्यांनी धरायचं कधी?" मग थेंब थेंब. दुपार कुठे गेली कळलं नाही. खालचं पाणी जिभेला लावलं, कडू नाही! कडूपणा मण्यांत राहिला. नळीत ऊन उतरलेलं. मार्था पडल्या पडल्या म्हणाली, "आपल्या देवळातल्या रंगीत काचेवानी दिसतंय."

१२ नोव्हें.
आता मण्यांतून औषध सोडवायचं कसं? गरम पाण्याला मणी दाद देत नाहीत. भा. रा. : "स्पिरिट लागेल. दारूच, पण शुद्ध. मागाहून उडवून टाकू, औषध खाली राहील."
उठून अंगणात गेलो. बाजारात, पवित्र शास्त्रावर हात ठेवून बोललो होतो: दारूचा थेंब माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. लोकांनी तिथंच बाटल्या फोडल्या. येत्या रविवारी तिथंच सभा. परत येऊन विचारलं, तुमच्या घरी करता येईल का?
"म्हणजे पाप उंबऱ्याबाहेर ठेवलं की झालं, मास्तर?"


१४ नोव्हें.
स्वप्न. मी मण्याच्या आत. पिवळ्या उजेडाच्या खोल्या, एकीतून दुसरीत. कुठल्याशा खोलीत मार्था गात होती, लग्नाआधी देवळात गायची तशी, एका दमात. आवाज जवळ, दार सापडेना. जागा झालो तर ती खोकत...

१५ नोव्हें.
तिला सगळं सांगितलं.
"शपथ तुमी घेतली. मी कुठं घेतली?"
हसलो. ती नाही हसली. "पर माझ्यासाठी चोरून काही आनू नका. उद्या आधी सभेत सांगा. मग आना."

१६ नोव्हें. रविवार.
सांगितलं. हळू आवाजात, मलाच ओळखू येईना असा. कुणी ओरडलं नाही. मागून एक जण एवढंच म्हणाला, "मास्तर, मग आमी फोडल्या त्या?" शास्त्र काखेत घेऊन निघालो.
घरी आलो तर मार्था ओट्यावर. शाल गुंडाळलेली, नळी मांडीवर आडवी. भा. रा. पायरीवर, बाटली घेऊन.
"आत आनायचं न्हाई ना? मग मीच भायेर आले."
मी नळी उभी धरली. भा. रा. नी स्पिरिट सोडलं, सावकाश. मणी काळोखले. टोकाशी थेंब जमला, गडद, बराच वेळ लोंबकळला, वाटीत पडला.
भा. रा. नी वाटी पुढे केली. "बघा की, कडू आहे का."
त्यात अजून दारू होती; मी जिभेला लावला नाही. मार्था वाटीकडे बघत होती, स्पिरिट कधी उडतंय म्हणून.