कावळ्यासमोर दिलेला शब्द

प्रिय नलू,

किणकिण! तुझ्या आधी तुझ्या पिशवीतल्या प्रयोगशाळेच्या काचेच्या बाटल्या जिना चढायच्या. त्या नादावर मी शाळेतली एखादी कविता सुरू केली, की तू खालूनच ओरडायचीस, "कविराज, चाल नंतर लावा, आधी पिशवी धरा!" आज शेजारी कुणीतरी बाटल्या विसळत होतं. मी उठून दारापर्यंत गेलो गं.

पण लिहितोय ते रागानं. तुझ्या लाडक्या भावानं, विलासनं, टीबीच्या गोळ्या बंद केल्यात. आणि कुणामुळे? तुझ्यामुळे!

तुझ्या दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. लेकीला सांभाळू, घर विकणार नाही, सगळं बोलून झालं. शेवटी विलास खोकत पुढे झाला. "ताई, तुझ्या अळंबीच्या औषधावरच मी बरा होऊन दाखवीन!" आणि नेमका तेव्हाच तो मेला कावळा घास उचलून गेला. जरा आधी यायला काय झालं होतं त्याला?

तेव्हापासून विलास बाजारातली अळंबीची भुकटी खातोय. मी समजावलं तर म्हणाला, "दाजी, ताईला दिलेला शब्द मोडू?"

"अरे, मग मर शब्द पाळून!" माझ्या तोंडून गेलं. तुमची पायरी पुन्हा चढणार नाही, म्हणून निघून गेला.

तू त्याला नीट का नाही सांगितलंस? मला तर पोळ्या लाटता लाटता सांगितलं होतंस. रक्तातल्या राखणदार पेशी जंतूला गिळतात, पण हा टीबीचा जंतू बेरकी, गिळणाऱ्याच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. तुझा अळंबीचा अर्क घातला, की त्या पेशींना जोर येऊन आतले जंतू कमी व्हायचे. मी टाळ्या वाजवल्या, तर लाटणं उगारलंस. "हे काचेच्या बशीत हं! माणसाच्या छातीत काय होईल, मलाही ठाऊक नाही. उद्या अर्क आलाच, तरी गोळ्यांच्या सोबतीला. गोळ्यांच्या जागी नाही!"

हे विलाससमोर का नाही बोललीस? त्यानं "ताई, तुझं औषध कधी येणार?" विचारलं, की नुसती हसायचीस. ते हसणं भोवतंय बघ आता.

तर ऐक. उद्या सकाळी मीच त्याच्या दारात जाईन. माफी मागेन, हाताला धरून रामकुंडावर नेईन, भाताचा घास ठेवून त्याला नवा शब्द द्यायला लावीन. कावळा येवो न येवो, तिथून थेट दवाखान्यात. हा माझा शब्द.

थांब, बेल वाजली.

नलू, विलास आलाय! एवढे जिने चढून धापा टाकतोय. हातात रुमाल, त्यावर लाल डाग. "दाजी," म्हणतो, "शब्द पाळला तरी असं का? ताई रागावली का हो?"

रागावलीय, म्हटलं. तिचं लाटणं उगारलेलंच आहे. दवाखान्यात न्यायला रिक्षा येतेय, तोवर तिला लिहिलेलं हे पत्र वाच.

तुझा,
कविराज