न धुतलेले हात

रविवार, ६ एप्रिल

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. भावोजींचं इथलं काम आटोपलं, उद्या ते घरी निघतायत, म्हणून त्यांच्याकडेच हे पत्र देते. रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मध्येच रडतेस आणि माझं सांगायचं राहून जातं.

आई आज उठून बसली हे ऐकून जिवात जीव आला. जुलाबाचं नवं औषध पूर्ण होऊ दे, बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नकोस. संडास, दाराची कडी, पलंगाची दांडी ब्लीचने पूस. हात वाहत्या पाण्याखाली साबणाने धू. सॅनिटायझरवर विसंबू नकोस.

या जुलाबाचे जंतू, दिवस वाईट आले की, बीसारखं टणक कवच घेऊन गप्प पडून राहतात. कोरड्या फरशीवर महिनोन्‌महिने टिकतात. सॅनिटायझर त्यांचं काही वाकडं करू शकत नाही. आईला छातीतल्या कफासाठी अँटिबायोटिक चालू होतं. त्यात पोटातले चांगले जंतू मेले आणि यांना रान मोकळं मिळालं.

दादा म्हणतो, तू तिला शिळं खाऊ घातलंस. तू आता स्वयंपाकघरात जायलाच घाबरतेस, असं भावोजी सांगत होते. ताई, तुझ्या जेवणात काही नव्हतं.

आमच्या वॉर्डात याच जुलाबाचे दोन रुग्ण होते. 'फक्त साबण-पाणी' ही दारावरची पाटी मीच लावली होती. नव्या सिस्टरांना यावरून मीच झापते. आणि आईला जुलाब सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधी ड्यूटी संपवून तशीच, त्याच कपड्यांत बसमध्ये बसले नि आईला बघायला आले. ती म्हणाली, "हात धुतलेस का गं?" मी कमरेची सॅनिटायझरची बाटली दाखवली, दोन थेंब चोळले आणि तिला भरवायला बसले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

माझ्याच हातून ते जंतू आईकडे गेले, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. त्याच आडोशाला मी आठवडाभर लपले. दादा तुला बोलत होता तेव्हा मी फोनवरच होते. "जाऊ दे रे," एवढंच म्हणाले. फार लाज वाटते.

हे पत्र दादाला वाचायला दे. आईला तू स्वतः वाचून दाखव. मग मी घरी यावं की नाही, ते तिला विचार. तुला विचारायची माझी हिंमत नाही.

आपलं पाप तुझ्या माथी मारून गप्प बसलेली,
धाकटी