मोज्यांवरचा शिक्का

६ ऑक्टोबर २०२५
टेस्टिंग सेट पुन्हा बंद! अर्ध्या व्होल्टेजला नेला की ट्रिप. लाइनमनच्या रबरी हातमोज्यांच्या बावीस जोड्या पडून आहेत — वीज आरपार जाते का, ते बघायचं राहिलंय. आतला काचेचा रेक्टिफायर व्हॉल्व्ह गेला असणार. आजोबांच्या वेळचा, आता कुणी बनवतही नाही. अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. वर्कशॉप माझ्या एकटीवर.

८ ऑक्टोबर
चेन्नईला रिची स्ट्रीटवर इलेक्ट्रॉनिक्सच्या सात दुकानांना फोन. "म्युझियमला विचारा, अम्मा!"
संध्याकाळी लाइनमन शिवराजअण्णा आला, आपली जोडी मागायला. मोज्यांवर तपासणीचा शिक्का नसेल तर कंत्राटदार खांबावर चढू देत नाही. "मार गं शिक्का. मोजे नवेच आहेत. जुनी तू झालीस!"
हसले. शिक्का नाही मारला. तो रुसून, न जेवता गेला.

१३ ऑक्टोबर
मिळाला! ओरत्तनाडूला, भरद्वाजमामांकडे. ते एक्स-रे टेक्निशियन होते. बंद पडलेल्या दवाखान्याचं मशीन त्यांच्या गोठ्यात आहे. व्हॉल्व्ह जुन्या वेष्टीत, मऊ धोतरात, गुंडाळून दिला. बसमध्ये मांडीवर धरून बसले. शेजारची बाई विचारते, "बाळ किती महिन्यांचं?"
नंबर तीनदा ताडून पाहिला. तोच आहे.

१४ ऑक्टोबर
नवा व्हॉल्व्ह, तरी तसाच ट्रिप!
रडू आलं. मग खिडक्या लावून अंधारात पाहिलं — ठिणगी व्हॉल्व्हमध्ये नाहीच. वीज अडवणाऱ्या चिनीमातीच्या खांबावरून सरकतेय. दसऱ्याआधी आयुधपूजेला मीच तिथे वरून खालपर्यंत ओल्या चंदनाची रेघ ओढली होती, त्यावर कुंकू — विजेला वाटच! पेटी उघडून आतल्या एकेका भागाला लावलं होतं — एकही राहू नये म्हणून!
अप्पा, डोळ्यावर पट्टी, तरी हसताहेत. "अगं, पूजा बाहेरच्या पेटीची! इतकी वर्षं मी आत कधी गेलो?"
सगळं स्पिरिटने पुसलं. जुनाच व्हॉल्व्ह परत लावला. पूर्ण व्होल्टेजला तासभर टिकला! मामांना फोन केला, तुमचा परत आणते. म्हणाले, "राहू दे. जुना कधीतरी खराच जाईल."

१५ ऑक्टोबर
पहिली जोडी अण्णाची. उजवा पास. डाव्यात पाणी भरून टबात सोडला — काटा अर्ध्यावर जायच्या आतच अंगठ्यापाशी फुटला. भोक सुईएवढं.
अण्णा शेजारीच उभा होता. बराच वेळ डावा हात खिशातून काढला नाही. मग म्हणाला, "बाकीचे तपासायला लाव, अंबा. पाणी मी भरतो."